डिसेंबरातला अळणी समुद्र

मीटरवरचा आकडा खाली आला, तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं. कुणी पाहिलं तर नाही ना! पाऊस कधीच परत गेलेला, काजळी नदी रोडावलेली, आणि रत्नागिरीच्या भाट्यासमोरचं समुद्राचं पाणी मात्र नोव्हेंबरपेक्षा कमी खारट! आमच्या लॅबमध्ये किस्से असेच साचतात. काहीतरी चुकलेलं दिसलं, की ते कुणाचं चुकलं यावर आठवडाभर चहा होतो. या वेळी अडकलेली मान माझी होती.

*

नमुन्याची बाटली भरण्याआधी त्याच समुद्राच्या पाण्याने खंगाळायची, नळाखाली न्यायचीच नाही, हा आमचा नियम. आणि नवीन आलेलं प्रत्येक माणूस ती नळाखाली नेतंच! माझे सीनियर सावंतसर म्हणाले, "काय गो, घासूनपुसून लख्ख केलीस ना बाटली? आईने वळण चांगलं लावलंय!"

"नाही हो, सर!" म्हणताना माझ्या हातून झाकणच पडलं. झालं, त्यांना पुरावा मिळाला!

*

दुसऱ्या दिवशी मीटर ठरावीक खारटपणाच्या प्रमाणित पाण्यात बुडवून पाहिला. अचूक! मग सावंतसरांनी किनाऱ्यावरच स्वतः बाटली खंगाळली, स्वतः भरली, स्वतः मोजली. आकडा तितकाच खाली! मी मनातल्या मनात उड्या मारतेय, तर ते शांतपणे म्हणाले, "तू शेजारी उभी होतीस ना. तू दचकतेस, मग मीटरही दचकतो!"

*

आमची होडी चालवतात मयेकरकाका. एकदा शेजारीच डॉल्फिन उसळला, मी किंचाळले आणि भरलेली बाटली गेली समुद्रात. "बाय, तो बिचारा भ्याला बघ तुला!" काका म्हणाले. मग माझा उतरलेला चेहरा बघून हळूच, "नि मीठच कमी पडतंय तर टाकूया की मूठभर. कोणाला कळणार हाय?"

*

शेवटी लॅबप्रमुख जोशीसरांनी विषयच संपवला. "हिवाळ्याचे आकडे रिपोर्टमधून काढा. सोमवारपासून होडीवर सावंत."

ज्यांना नुसतं धक्क्यावर उभं राहून मळमळतं, ते सावंतसर पांढरेफटक! आणि मला रडू. मेहनतही गेली, होडीही गेली. रडता रडताच बोलून टाकलं, "सर, पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात तो उलटतो, वर उत्तरेकडे येतो. बंगालच्या उपसागरात केवढ्या नद्या पडतात! तिथलं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून या किनाऱ्याला लागतं."

"इतक्या वरपर्यंत?" जोशीसरांनी विचारलं.

"मिसळत मिसळत येतं, म्हणून तर आकडा थोडासाच उतरलाय. पण मग ते आपल्याआधी खाली कारवारला लागलंच असणार! तिथल्या लॅबमध्ये नाईकबाई हेच मोजतात."

"लाव फोन. स्पीकरवर."

*

फोन वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. तेच. जोशीसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी नंबर पुन्हा ताडून बघतेय, तोवर तिसऱ्यांदा सावंतसरांनीच बटण दाबलं आणि माझ्याहून काकुळतीला येऊन ओरडले, "उचला हो बाई!"

खरखर झाली.

"हॅलो! रत्नागिरी ना?" मी तोंड उघडायच्या आत नाईकबाईच सुरू झाल्या, "पोचलं का ते पाणी? आमच्याकडून कधीच वर निघालंय! मी म्हणतेय, अजून यांचा फोन कसा नाही!"