उत्तराची जागा

बीडच्या एसटी स्टँडमागे माझं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंगचं दुकान आहे. लग्नात माणसं जेवढा वेळ कॅमेऱ्यासमोर नुसती उभी राहतात, तेवढा वेळ कापून टाकणं हे माझं काम. नवरदेव हार हातात घेऊन ताटकळतो, भटजी चष्मा शोधतात, मामा ऐन वेळेला गायब असतो. हे सगळं मी उडवते. एका कॅथलिक टीव्ही वाहिनीचा मराठी अर्धा तास माझ्याकडे आला तो याच कामामुळे. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत हेही कारण असेल, पण मी चर्चला फारशी जाणारी नव्हे, आणि वाहिनीच्या फादरांना ते ठाऊक होतं.

वाहिनी सुरू झाली ती एका चर्चच्या अडगळीच्या खोलीत. नाताळच्या गोठ्याचं गवत जिथं ठेवत, तिथं उसना मागून आणलेला एक कॅमेरा उभा केला. पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणून पंखा बंद, आणि फादर घामाने निथळत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करतायत. फादरांनी मला हे इतक्यांदा सांगितलंय की ते गवत मलाच टोचायला लागलंय. आधी फक्त रविवारची मिस्सा, तीही तिथल्या केबलवर. मग उपग्रह मिळाला, आणि चोवीस तास भरायचे कशाने हा प्रश्न पडला. सकाळी जपमाळ, दुपारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना, संध्याकाळी मुलांसाठी बायबलवरची प्रश्नमंजुषा, आणि मधे जिथं जागा उरेल तिथं संतांच्या गोष्टी. त्या एवढ्या वेळा दाखवल्या की संतांनाही कंटाळा आला असेल. मल्याळम, तमिळ, कोकणी, हिंदी अशा सगळ्यांच्या वाटण्या झाल्यावर मराठीच्या वाट्याला रविवारी सकाळी साडेनऊचा अर्धा तास आला. त्याच्या आधी दक्षिणेतल्या मठातल्या एका सिस्टरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम असे.

मराठी मिस्सा हेच फादर करायचे; ती रिकाम्या प्रार्थनाघरात रेकॉर्ड व्हायची, समोर फक्त कॅमेरा. फादर म्हणायचे, "प्रभू तुम्हांबरोबर असो." मग घरोघरी बसलेल्यांनी "आणि तुमच्याबरोबर असो" म्हणावं म्हणून ते जरासे थांबायचे. ते थांबणं मी कापायचे. अर्ध्या तासात मिस्सा बसवायची, तर काहीतरी जाणारच. फादरांचं प्रवचन कापायची माझी हिंमत नव्हती.

माझी आई उमापूरला राहायची. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून तिचा जन्म गेला. दवाखाना बंद झाला, सिस्टर निघून गेल्या, गावात ख्रिस्ती घरं दोन-तीनच उरली आणि मिस्सेसाठी दुसरे एक फादर महिन्यातून एकदा येऊ लागले. अशात तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेही बोलणं जाईल. पण माणसांसमोर तोंड उघडायची तिला लाज वाटायची. आयुष्यभर दवाखान्यात अख्ख्या गावाला दटावलेली बाई, ती पाणी हवं असलं तरी बोटाने दाखवायची. मला फार राग यायचा, आणि तो मी तिच्यावरच काढायचे.

ती बोलायची फक्त रविवारी, टीव्हीशी.

हे मला आधी कळलं ते शेजारच्या खालाकडून. खालाचा नवरा हयात असताना फळांचा गाडा लावायचा. आता ती एकटीच असे. रविवारी ती आमच्याकडे यायची सिस्टरचा स्वयंपाक बघायला. सिस्टर कुकरात केक करायची, आणि खालाला त्याचं भारी नवल. "हिच्या कुकरला शिट्टी कावून न्हाई?" हे ती दर रविवारी विचारायची. मग केक झाला तरी ती मिस्सेला बसून राहायची. फादर म्हणाले, "प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो," की खाला पदर सावरून चटकन म्हणायची, "वालेकुम सलाम." कुणी सलाम केला आणि आपण गप्प बसलो, तर बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

एका रविवारी मी घरी होते. फादर म्हणाले, प्रभू तुम्हांबरोबर असो. आईने ओठ जुळवले, "आनी... तु..." आणि फादर पुढच्या प्रार्थनेत. पुन्हा तेच. शांतीच्या वेळी खालाचा सलाम वेळेत बसला, आईचं वाक्य अर्ध्यातच. आईने डाव्या हाताने खाटेवर चापट मारली. रडली नाही, पण तोंड भिंतीकडे केलं.

"बग की," खाला मला म्हणाली, "तुजा फादर थांबतच न्हाई. लई घाई हाय त्याला. माजं निपटतं, हिचं न्हाई होत. मागल्या इतवारपासून हातानं खुनावती, आता लावू नका टीवी."

घाई फादरांना नव्हती. मी सांगितलं नाही. मला शरम वाटली, आणि ती खालासमोर वाटली याचीही शरम वाटली.

त्या दुपारी मी आईच्या खाटेशी बसून मोबाईलवर वेळ लावली आणि तिला ते एक वाक्य म्हणायला लावलं. तिने तीनदा मान फिरवली. चौथ्यांदा म्हटलं. नऊ सेकंद लागले. एडिटिंगमध्ये नऊ सेकंद म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. नऊ सेकंदांत माझ्याकडे आख्खं लग्न लागतं.

पुढच्या भागात मी प्रत्येक उत्तराला नऊ सेकंद ठेवले. फादर तेवढं थांबलेले नव्हते, म्हणून त्यांचं चित्र तिथल्या तिथं गोठवलं. वेळ भरून काढायला हात घातला प्रवचनाला. आईची तीन उत्तरं त्या रविवारी पुरी झाली, असं खालाने फोनवर सांगितलं. सोमवारी वाहिनीचा फोन आला. वाहिनी अडकतेय म्हणून लोकांनी केबलवाल्यांना हैराण केलं होतं, आणि फादरांना स्वतःचं प्रवचन सापडत नव्हतं.

"बिघाड झाला," मी म्हणाले.

"बिघाड नेमका प्रवचनातच?" फादर म्हणाले.

मग मी खरं ते सांगितलं. ऐकताना ते एकदाही मधे बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी विचारलं, "किती म्हणालीस? नऊ?"

पुढच्या रेकॉर्डिंगपासून ते आपणहून थांबू लागले. वाक्य म्हणायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं आणि वाट बघायची. प्रवचनही आटोपशीर झालं, त्यामुळे सगळ्यांचंच भलं झालं. आई दर रविवारी आपली उत्तरं पुरी करायची. हळूहळू खालाशी बोलायला लागली, मग माझ्याशी. एकदा तिने मला केस नीट बांध म्हणून दटावलं, आणि मी दुकानात येऊन एकटीच रडले.

दीड वर्षाने ती गेली.

महिन्याने मी घर आवरायला उमापूरला गेले. रविवार होता. खाला वेळेवर आली, शिट्टीचं विचारलं, आणि आईच्या रिकाम्या खाटेशेजारी तिच्या नेहमीच्या जागी बसली. फादर म्हणाले, "प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो," आणि थांबले. त्यांना कुणी कळवलं नव्हतं; मीच कळवलं नव्हतं.

"वालेकुम सलाम," खाला म्हणाली.

फादर पडद्यावर वाट बघत होते. खालाने एकदा खाटेकडे पाहिलं आणि पदर पुन्हा सावरला.

"आनी..." ती म्हणाली. मग थांबली. "तु... तुमच्या..." पुन्हा थांबली, श्वास घेतला, "...बरबर असो."

ते वाक्य तिने फक्त आईच्या तोंडून ऐकलेलं. ते असंच म्हणायचं असतं, असंच तिला वाटतं. मी दुरुस्त केलं नाही. नऊ सेकंद झाले आणि फादर पुढे बोलू लागले.