बाटलीतली हवा जाते कुठे

शिझुओका हा चहाचा मुलूख, पण तिथल्या एका तांत्रिक महाविद्यालयाच्या रोबो मंडळात चहाला बंदी होती. चहाच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ. रोबोवर हवेची टाकी म्हणून सोड्याचीच बाटली चालते. त्यामुळे चिगुसापायी सगळे महिनाभर सोडा पिऊन ढेकर देत होते.

चौथ्या वर्षातल्या चिगुसाने रोबोला हवेच्या दाबावर चालणारा हात बसवला होता. कागदावर तो टोपली डोक्यावर उचलत होता. प्रत्यक्षात कंबरेशीच लटकायचा.

"संध्याकाळपर्यंत नाही उचललं, तर स्पर्धेला मोटरचा जुना हात लावायचा," मंडळाचा म्होरक्या मोचिझुकी म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट तर वाटलंच. वर्षभर तिने दुसरं काही केलं नव्हतं. प्रत्येक सांध्याला तिने साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. नळी बदलली, व्हॉल्व्ह बदलला. दरवेळी चावी फिरवून दाब स्वतः नेमका लावायची आणि बटण दाबायला लांब दारापाशी जायची. हात पुन्हा अर्ध्यावर. तिचं डोकं पार चक्रावलं. कुठेच गळत नाही, मग हवा जाते कुठे?

"हवा रुसली असेल, सेन्पाई," धाकट्या वर्गातली ओइशी म्हणाली. वरच्या वर्गातल्यांना तिथे सेन्पाईच म्हणायचं.

"मग तूच काढ तिची समजूत."

पुढच्या खेपेला दाराकडे जाताना पाना राहिला म्हणून चिगुसा मागे वळली. ओइशीने जाता जाता दाबाची चावी किंचित मागे फिरवली. थोड्या वेळाने मोचिझुकीनेही, इकडेतिकडे बघून.

"हे काय चाललंय?"

ओइशीचा चेहरा पडला. "वसंतात बाटली फुटली होती ना. तुम्ही हसलात, म्हणून आम्हीही हसलो. सेन्पाईंना कसं सांगायचं, भीती वाटते म्हणून?"

"मला वाटलं, मी एकटाच फिरवतो," मोचिझुकी जमिनीकडे बघत पुटपुटला.

चिगुसाला आधी संताप आला. मग दारापाशी लांबवलेली बटणाची वायर दिसली. ती तिनेच लांबवली होती.

"रोबोचा हात ढकलायला तो जाड सिलिंडर काढा कपाटातून," ती म्हणाली. "कमी दाबावर उचलेल. बाटल्या मात्र जास्त लागतील. प्या सोडा."

संध्याकाळी टोपली सरळ डोक्यावर गेली. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. सगळ्यांचे हात कानांवर होते. बटण कोपराने दाबून चिगुसाचेही.