हरवलास तर एकवर ये

धुकं इतकं दाट होतं की रोपवेची दोरी दहा हातांवर विरून जात होती. खालच्यांनी पहिल्या पाळण्याची काच पुसली, दाराची कडी दोनदा ओढून पाहिली आणि चाकाला ग्रीस लावायला डबा उघडला, तोच मॅनेजर नवा वॉकीटॉकी घेऊन आला.

त्यांना सगळे खालचेच म्हणत. डोंगराच्या पायथ्याच्या ठाण्यावर सव्वीस वर्षं काढल्यावर नाव कोण विचारतो? माथ्यावरच्या ठाण्यात बसत ते वरचे. वरून होकार आल्याशिवाय पाळणा सोडायचा नाही, हा नियम. त्यामुळे दिवसभर दोघांचं बोलणं चाले. बायको म्हणायची, माझ्या वाट्याला दहा वाक्यं, बाकीचा संसार त्या डबड्याशी.

मॅनेजरनं सरळच सांगितलं. आठच्या पाळण्याआधी नव्या सेटची खरखर मेन्यूतून कमी करून दाखवायची, नाहीतर उद्यापासून खिडकीवर बसून तिकिटं फाडायची.

जुन्या सेटचा मेन्यू त्यांना वरच्यांनीच शिकवला होता, तोही डोंगरावरून, न बघता. मेन्यू दाब, आकडा टाक, बाण खाली, परत मेन्यू. पण एक बटण चुकलं की चॅनल बदले आणि गुरुजीच गायब. मग दोघं एकमेकांना शोधत सगळे चॅनल पालथे घालायचे, एक चढत्या आकड्यांनी, एक उतरत्या, आणि हटकून चुकामूक. शेवटी वरचे वैतागले. "हरवलास तर एकवर ये. मी तिथंच बसलेला असेन." तेव्हापासून पहिल्या पाळण्याआधी रोज वरून प्रश्न यायचा, बटणं बंद? खिशात धक्का लागून चॅनल बदलू नये म्हणून बटणांना कुलूप घातलंय ना, एवढंच विचारायचं असे. पण त्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

मागच्या वर्षी वरचे निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. फोनवर दोघं एकदमच बोलत आणि एकदमच गप्प होत. बोलताना दाबून धरायचं बटण फोनला नव्हतं ना. आता तर त्यांना ऐकूही कमी येतं.

त्यांच्या जागी आलेली मुलगी सातव्या चॅनलवर होती. तिच्या हातातही आज नवाच सेट. खालच्यांनी मेन्यू दाबला, चष्मा शोधला, तो कपाळावरच सापडला. तेवढ्यात मेन्यू आपोआप मिटला. नवा सेट म्हाताऱ्यांसाठी थांबत नाही. त्यांनी आपले मेन्यूतल्या तेरा आकड्यासाठी एक आणि तीन दाबले, नि सेट थेट तेराव्या चॅनलवर गेला. सातवर परतले तर तिथं कुणी नाही. पोरगी त्यांना शोधायला निघाली होती.

आठला सहा मिनिटं. मॅनेजर म्हणाला, एकेक चॅनल बघत जा. खालच्यांनी मान हलवली. "दोघंही शोधत फिरलो तर दोघंही हरवू." त्यांनी एक दाबलं, सेट गुडघ्यावर ठेवला आणि बसून राहिले. मॅनेजर घड्याळाकडे बघत होता, खालचे धुक्याकडे.

दोन मिनिटं नुसती खरखर. मग आवाज आला. "काका, आहात ना? वरच्या काकांनी जाताना सांगितलं होतं, हरवलीस तर एकवर ये, तो म्हातारा तिथंच असेल."

खालच्यांनी तिला बरोबर घेऊन सातवर नेलं, मेन्यू दाबला आणि या वेळी न थांबता आकडा, बाण, परत मेन्यू. खरखर बसली. मॅनेजर खिडकीकडे गेला. तिथं तिकिटं फाडायला आज तरी तोच होता.

"बटणं बंद?" वरून विचारणा झाली.

कोपऱ्यातलं बटण त्यांनी दाबून धरलं. पडद्यावर इवलंसं कुलूप उमटलं. "बंद."

आठचा पाळणा धुक्यात शिरला. ग्रीसचा डबा उघडाच राहिला होता. खालच्यांनी त्यात बोटं घातली आणि चाकाकडे वळले.