सिमलाकाकांचा दगड

सिमलाकाका सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखे चालत. कमरेत किंचित वाकून, हात पाठीमागे, नजर पावलांपुढच्या हातभर जमिनीवर. लंडनच्या वेम्बली भागातल्या आमच्या रस्त्याला चढ असा नव्हताच. आई खिडकीतून बघून म्हणायची, "आले बघ काका, डोंगर चढून."

ते आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. इंग्रजांच्या काळात दिल्लीला सरकारी कचेरीत कारकून होते. उन्हाळा आला की फायलींच्या पेट्यांसकट अख्खी कचेरी सिमल्याला जाई, तिच्याबरोबर काकाही. रविवारी ते मला हॅरोच्या टेकडीवर फिरायला नेत आणि दरवेळी तिचा अपमान करत. "ह्याला हिल म्हणतात हे लोक! सिमल्यात एवढ्या उंचवट्यावर आमचा शिपाई चहाची किटली ठेवायचा." मी हसले की म्हणत, "चढावर बोलू नये पोरी, दम पुरत नाही." आणि स्वतः वरपर्यंत देवदार, मॉल रोड, बोगद्यांतून जाणारी छोटी गाडी, असं काहीबाही बोलत राहत.

फक्त एस्तेरबद्दल ते टेकडीवर बोलत नसत. तिच्याबद्दल मला आईकडून कळलं. त्यांची सहा वर्षांची मुलगी सिमल्यातच तापाने गेली होती. त्यांच्या लोकांची दफनभूमी तिथे नव्हती, म्हणून एका पाद्र्याने कबरस्तानाच्या खालच्या कोपऱ्यात जागा दिली. पुढे कचेरीतली नोकरी सुटली, बायको गेली, आणि काका लंडनला आले. त्यांच्या खिडकीत एक काळा गुळगुळीत दगड असे, गावच्या किनाऱ्यावरचा. "आमच्यात कबरीवर फुलं नाही, दगड ठेवतात," ते एकदा म्हणाले. "फुलं सुकतात. हा एस्तेरचा आहे. पोहोचवायचा राहिलाय."

पोहोचवायचं मात्र दरवर्षी पुढे जाई. कधी म्हणत बर्फ असेल, कधी पाऊस असेल. आई चिडवायची, "अहो काका, बर्फ वितळला, पाऊस थांबला, आता जा की!" ते म्हणत, "जाणार ना वहिनी. आलो की मलिदा करू. नवस बोललोय." मलिदा म्हणजे त्यांच्याकडचा नवसाचा प्रसाद, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं.

मला कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी बाबांची कारखान्यात शिफ्ट होती. काका बरोबर आले. आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. दाराच्या पायऱ्यांशी माझे पायच उचलेनात. "वर बघू नकोस," ते हळूच म्हणाले. "पुढची पायरी बघ." मी आत गेले. दुपारी बाहेर आले तर ते थंडीत तिथेच उभे. परतताना ट्रेनमध्ये त्यांनी आधी माझं वेळापत्रक वाचून काढलं. मग म्हणाले, "मी तुला सांगतो पायरी चढ, आणि मीच खाली उभा आहे. ह्या वर्षी जातो."

आणि खरंच गेले. परत यायच्या दिवशी आईने आठवणीने ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानातून नारळ आणला, पोहे भिजवले. काका आत आले, ओट्यावरचं पातेलं बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ते झाकून ठेवा."

कोट न काढताच ते खुर्चीत बसले. "खालचा कोपराच नाही. कुठल्याशा पावसात ढासळला, दरीत गेला. माळ्याला विचारलं, केव्हा? म्हणाला, बरीच वर्षं झाली, साहेब." मग खिशातून तो दगड काढून टेबलावर ठेवला. "मी इथे बसून बर्फ वितळायची वाट बघत होतो, वहिनी. आणि ती तिथे नव्हतीच."

आईने पातेल्यावर ताट ठेवलं. ते पोहे कोणी खाल्ले नाहीत.

त्यानंतर मी कितीदा म्हटलं, काका, हॅरोला जाऊ या. ते नुसती मान हलवत. आता ते रस्त्यावरून ताठ चालत, समोर बघत, आणि ते पाहणं मला फार जड जाई. सिमल्याचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. दगड टेबलावरच राहिला होता. एक दिवस आईने तो पुसून माझ्या खिडकीत ठेवला. त्यांनी पाहिलं, मागितला नाही.

माझी परीक्षा संपायच्या आधीच ते गेले. दफनाला त्यांच्या समाजाची मोजकी माणसं होती. मी तो दगड पर्समध्ये घेऊन गेले होते. एकेकाने वाकून कबरीवर खडा ठेवला. माझी पाळी आली तेव्हा मी पर्समध्ये हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. तो दगड काकांचा नव्हता, एस्तेरचा होता. मी पायाजवळचा एक खडा उचलून ठेवला.

काळा दगड अजून माझ्याकडे आहे. सिमल्याला जाऊन यावं असं कधी कधी मनात येतं. पण तो ठेवणार कुठे?