मावशीचं घोंगडं

लहानपणी मी फार शहाणी पोर होते. हे कौतुकानं सांगत नाही, त्या शहाणपणाचा आता राग येतो. काहीही करायच्या आधी आईच्या तोंडाकडं बघायचं, तिच्या मनातलं ओळखायचं आणि तिनं सांगायच्या आत काम उरकायचं, हा माझा स्वभाव. धाकटा भाऊ बरोबर उलटा. मार खायचा आणि पुन्हा तेच करायचा.

आमचं गाव मुडबीच्या बाजूला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, काळात शेती आली, मेंढरं गेली, घोंगडी तेवढी उरली. एकदा शाळेतले गुरुजी घरी आले, माझा पहिला नंबर आला हे सांगायला. गुरुजी बौद्ध समाजाचे. आईनं सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवली आणि काळंभोर घोंगडं अंथरलं. गुरुजी त्यावर बसले आणि भाऊ पळत जाऊन त्यांना चिकटून बसला. ते गेल्यावर आईनं भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याला डोक्यावरून आंघोळ घातली. घोंगडं मात्र नुसतं झटकून वळणीवर टाकलं.

"लोकरीला विटाळ न्हाई, बाई," ती मला म्हणाली. "सतरंजी असती तर धुवावी लागली असती."

पुढच्या खेपेला गुरुजी दारात दिसले तसं मीच घोंगडं आणून अंथरलं. आईनं नंतर माझ्या गालावरून हात फिरवला, "शहाणी गं माझी बाई ती!" म्हणाली. तो हात आठवला की अजून गोड वाटतं. हीच तर पंचाईत आहे.

पुढं मी शिक्षिका झाले, लग्न होऊन बिदरला आले. तिथं नौबाद भागात भाड्याचं घर, त्यात आईनं दिलेलं एक घोंगडं. शाळेत गणित शिकवणारी एक मैत्रीण मिळाली, कमलनगरकडची, बौद्ध घरातली. आम्ही शेजारी शेजारी डबे उघडायचो. माझ्या बाळंतपणात माझे सगळे तास तिनं ओढले, एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. माझी लेक तिला मावशी म्हणायची. स्टाफरूममध्ये कुणी जातीवरून वाकडं बोललं की मी तोंडावर झाडायची. स्वतःबद्दल मला तिळाएवढी शंका नव्हती.

एका रविवारी ती येऊन गेली तेव्हा भाऊ घरी होता. पुण्याला कंपन्या वाढल्या तशी आमच्याकडची पोरं तिकडं गेली, त्यांतला तोही एक. चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता. ती गेल्यावर म्हणाला, "अक्का, खुर्च्या हायत, दिवाण हाय. तिलाच कामून घोंगडं टाकायलीस?"

"मान हाय तो!" मी फटकन बोलले.

"व्हय? मग मघाशी शेजारच्या काकू आल्या, त्यांना कामून न्हाई टाकलंस?"

मी त्याला वाटेल तसं बोलले. दोन दिवस अबोला धरला. पण भाकरी थापताना डोक्यात तेच. हेडबाई आल्या, दिवाणावर बसल्या. घरमालक, खुर्चीवर. घोंगडं फक्त तिला. आणि लेक तिच्या मांडीवर चढायला गेली की मी हाक मारायची, "मावशीला तरास देऊ नको, इकडं ये." हे मी कधी ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ. भावानं मार खाल्ला होता, म्हणून त्याला गुरुजी आठवत होते. मला शाबासकी मिळाली होती, म्हणून मी विसरले होते. लाजेनं जीव नकोसा झाला. आणि भीती वाटली, हिला कळलं तर? ही माझी मैत्रीण राहील का?

मी घोंगडं ट्रंकेत तळाशी कोंबलं.

पुढच्या रविवारी ती आली. "दिवाणावर बस की," मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. तेवढ्यात लेक, सहा वर्षांची, आतल्या खोलीत पळाली. "आई, मावशीचं घोंगडं कुठंय?" ट्रंकेचं झाकण वाजलं. घोंगडं ओढत ओढत आणलं, मधोमध अंथरलं, चारी कोपरे नीट केले आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघत उभी राहिली.

मला तिथंच रडू फुटलं. मैत्रिणीला सगळं सांगितलं, आई, गुरुजी, सतरंजी, सगळं. "मला माफ कर गं. माझं मलाच कळलं नव्हतं."

"तुला न्हाई कळलं," ती शांतपणे म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. आमच्यात ल्हान लेकराला बी ठाऊक हाय, लोकरीवर कामून बसवतात ते."

"मग इतकी वर्षं बसलीस कशी?"

"पहिल्या दिवशी घरी जाऊन रडले. मग म्हटलं, बाई वाईट न्हाई, कधीतरी कळंल हिला. लई उशीर लावलास मात्र."

मग ती उठली आणि आपणहून त्या घोंगड्यावर जाऊन बसली. मांडीवर थाप मारून लेकीला म्हणाली, "ये गं, बस इथं."

लेक धावत गेली, घोंगड्याच्या काठाशी थांबली आणि वळून माझ्या तोंडाकडं बघू लागली. मी मान हलवली तेव्हा कुठं ती बसली.