दह्यापायी पूल ओलांडला

मुन्शी घाटावरच्या गल्लीत राहणाऱ्या शरदिनीबाईंनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे भगवी वस्त्रं वगैरे काही नाही. मरेपर्यंत काशीची शीव ओलांडायची नाही, एवढंच. नवरा गेल्यावर बिंदुमाधवशास्त्र्यांच्या पुढ्यात गंगेत उभं राहून त्यांनी संकल्प सोडला, आणि तेव्हापासून बाहेरगावचं लग्न नाही की मुंज नाही. कुणी बोलावलं की ताठ मानेने सांगायच्या, मला येता येत नाही. शाळेत शिकवत असताना याच बाईंनी छडी आपटून मुलींकडून युरोपातल्या नद्या पाठ करून घेतल्या होत्या. आता गंगेपलीकडचं रामनगरही त्यांना परदेश झालं होतं.

हा हट्ट एकदा फार महागात पडला. धाकटी बहीण प्रेमला जबलपूरला अंथरुणाला खिळली. तार आली, मागोमाग फोन आला, शरूला एकदा बघायचंय म्हणून तिने चारदा निरोप धाडला. बाई गेल्या नाहीत. प्रेमला गेली. तिची मुलगी ऋता पुढे शिकायला मावशीकडेच येऊन राहिली, आणि पोरीने त्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. बाईंना तेच जास्त लागायचं. ज्या व्रतापायी बहिणीला पाठ दाखवली, ते व्रत तरी आता जन्मभर जपायलाच हवं होतं. तेही मोडलं तर प्रेमला उगाचच तळमळत गेली म्हणायची.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात ऋता युरोप बघायला निघाली. पाठीवर गोणीएवढी सॅक, बरोबर दिल्लीत भेटणाऱ्या दोन मैत्रिणी, आणि महिनाभर तिकडच्या कुठल्याही गाडीत बसायचा पास. दिल्लीची गाडी गंगेपलीकडच्या मुगलसरायहून होती. तिथवर जायला काशीच्या कँट स्टेशनवरून पॅसेंजर. निघताना रिक्षावाल्याने अशी काही घाई केली की हातावर दही घालायचंच राहिलं. पोरगी सातासमुद्रापार चाललीय आणि हातावर दही नाही, हे मराठी घरात कसं खपावं? बाईंनी डब्यात दही घेतलं, दुसरी रिक्षा केली आणि स्टेशन गाठलं.

पॅसेंजर उभीच होती. बाई डब्यात चढल्या, ऋताला शोधून काढलं, तिचा उजवा हात पुढे करवला. चमचा घरीच राहिलेला. बोटानेच दही घातलं, जाते म्हणू नको, येते म्हण, हेही बजावलं. तेवढ्यात गाडी हलली.

मग काय, एकच धांदल. दारात दूधवाले रिकामे कॅन मांडून ठिय्या देऊन बसलेले. बाई साखळी ओढा म्हणून ओरडल्या, तर एकाने ओढून दाखवली. साखळी आपली शोभेपुरती होती. पुलाअलीकडे काशी स्टेशनवर गाडी टेकली, तेव्हा बाई "भैया, उतरने दीजिए" करत निम्म्या वाटेपर्यंत पोचल्या आणि गाडी पुन्हा सुटली. लोखंडी पूल खडखडायला लागला. खाली गंगा होती. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. ऋताने मागून येऊन त्यांचा दंड धरला आणि तशीच उभी राहिली.

मुगलसरायला दुसरा अंक. दिल्लीची गाडी एका फलाटावर येणार म्हणून पुकारलं आणि मग भलत्याच फलाटावर. त्यात सॅकचा पट्टा तुटला. दोघींनी ते धूड दोन बाजूंनी धरून जिन्यावरून पळवलं, बाईंची एक चप्पल त्या गर्दीत गेली ती गेलीच. एवढं करून गाडी उशिराच येणार होती. युरोपात म्हणे असे घोटाळे होत नाहीत, असं ऋता धापा टाकत म्हणाली. बाईंनी सांगितलं, बाई गं, गाडी म्हटली की घोटाळा आलाच, मग ती कुठलीही असो.

"मावशी, आता आलीच आहेस पलीकडे," ऋता हळूच म्हणाली, "तर चहा तरी घे."

काशीला परतेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं बाईंनी पुलावरच ठरवलं होतं. पण आवाज थेट प्रेमलाचा. त्यांनी चहा घेतला. तो आवडला, याचा त्यांना रागही आला.

ऋताला गाडीत बसवून बाई परतीच्या गाडीत चढल्या, आणि घाईत भलत्याच गाडीत चढल्या. बराच वेळ झाला तरी पूल येईना म्हणून शेजारणीला विचारलं, तर गाडी चुनारच्या वाटेला लागलेली. जबलपूरची वाट तीच. प्रेमलासाठी निघाल्या असत्या तर याच रुळांवरून गेल्या असत्या. वरून ही धास्ती की इथेच डोळे मिटले तर? गंगेपलीकडे मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, असं बनारसी लोक छातीठोक सांगतात. चुनारला त्या एका पायात चप्पल घालून उतरल्या, टेंपोत दाटीवाटीने बसल्या. तोही वाटेत पंक्चर झाला. रामनगरहून नाव मिळाली तेव्हा ऊन उतरलं होतं.

नाव मुन्शी घाटाला लागली, पण बाई घरी गेल्या नाहीत. जवळच दशाश्वमेध घाटावर बिंदुमाधवशास्त्री आपल्या छत्रीखाली बसले होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि विचारलं, व्रत मोडलं का?

शास्त्री हसले. मनात नसताना गाडीने नेलं, याला कोणी व्रतभंग म्हणत नाही, स्नान करा आणि स्वस्थ झोपा, म्हणाले. बाईंचा जीव भांड्यात पडला. शास्त्री माणूस भला, तेवढ्यावर थांबेना.

"आणि समजा, ठरवून गेला असतात, तरी काय बिघडलं होतं? प्रायश्चित्त सांगितलं असतं, पुन्हा संकल्प दिला असता. अहो, कुणाचं दुखणंखुपणं निघतंच. शास्त्राला का ते कळत नाही?"

बाई खाली बसल्या.

"मग प्रेमलाच्या वेळी का नाही सांगितलंत हे?"

शास्त्री गोंधळले. त्यांना खरंच आठवावं लागलं.

"तुम्ही विचारलं कुठे, शरदिनीबाई? येता येत नाही म्हणून कळवलं, असं तुम्हीच येऊन सांगितलंत. मला वाटलं, तुम्हाला जायचं नाही."

बाईंनी खरंच विचारलं नव्हतं. शास्त्र्यांना नाही, कुणालाच नाही. उलट सगळ्या गल्लीत त्यांच्या निश्चयाचं कौतुक झालं होतं, आणि ते त्यांना गोड लागलं होतं. प्रेमला गेल्यावर त्या रडल्या नव्हत्या. आता घाटावर यात्रेकरूंची ये-जा चालू असताना त्या पायरीवर बसून हमसून हमसून रडल्या, आणि शास्त्र्यांना वाटलं, बाई दमल्यात.