आठ तासांवरची सवत

हळदीचा वास कितीही धुतला तरी जात नाही. आज सकाळी ह्यांचा खांद्यावरचा रुमाल वाळत घातला, आणि ओल्या सुतातून तोच कडसर, मातकट दरवळ उठला. सांगलीच्या पेठेत वीस वर्षं हळदीची दलाली केलेल्या माणसाचा तो अंगगंध! त्या गंधासरशी मला माझी सवत आठवली.

सवत काय बाईच असावी लागते? माझी सवत म्हणजे एक अंतराळयान. सत्याहत्तर साली, आमचं लग्न झालं त्याच वर्षी, ते आकाशात झेपावलं. ह्यांना त्याचं कोण कौतुक! त्याच्या बातम्यांची कात्रणं ते पोथीसारखी जपत, आणि शनीच्या कड्यांविषयी बोलू लागले की आमटीत मीठ नाही हेही त्यांच्या ध्यानात येत नसे. मी जळायची, पण लटकंच.

खरा मत्सर पुढे आला. पक्षाघाताने ह्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मिरजेच्या इस्पितळातून घरी आणल्यावर मी महिनोन्‌महिने त्यांच्या ओठांकडे डोळे लावून बसले. पाणी म्हणा, निदान माझं नाव तरी घ्या, असं विनवत राहिले. ओठ थरथरत, पण शब्द उमटत नसे. आणि नेमकी त्याच दिवसांत वर्तमानपत्रात सवतीची बातमी! जेमतेम पाच वर्षांसाठी घडवलेलं ते यंत्र अठराव्या वर्षीही बोलत होतं. शक्ती पुरावी म्हणून त्याचे कॅमेरे केव्हाच बंद केलेले. तरी आठ तासांची वाट चालून येणारी त्याची क्षीण हाक माणसं टिपून घेत होती. निर्जीव धातूला एवढं आयुष्य, एवढी वाणी, आणि हाताच्या अंतरावरच्या माझ्या माणसाला एक अक्षर नाही? संतापाने मी कात्रणांचा गठ्ठा बंबात घालायला निघाले.

तेवढ्यात पेठेतला म्हातारा दादू हमाल ह्यांना भेटायला आला. माझी विनवणी त्याने दारातूनच ऐकली होती. हळूच म्हणाला, "आवं वैनी, मालक सौद्यात तोंडानं कवा बोलत हुते? रुमालाखाली हात घ्या की त्यांचा."

हळदीचा भाव तोंडाने सांगत नसत. रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, ही आमच्या पेठेची रीत. सौदा पटला की हे समोरच्याचा अख्खा हात मुठीत घेत. नव्या नवरीला हे त्यांनीच हसत शिकवलं होतं, आणि जन्मभर बोटांनी बोललेल्या त्या माणसाच्या ओठांकडे मी पाहत बसले होते! सवतीला ऐकणाऱ्यांनी तिचं जे मिटलं ते सोडून दिलं आणि जे जागं होतं त्याकडे कान लावला. तिला असे ऐकणारे लाभले, ह्यांना मात्र मी. त्याचाही मला हेवा वाटला.

हाच रुमाल मी त्यांच्या डाव्या हातावर टाकला, खाली हात सरकवला आणि विचारलं, "माझ्याआधी जायचं नाही. पटतंय?"

उत्तराला आठ तास लागले तरी उठायचं नाही, असं मी ठरवलं. मग एक बोट हललं, दुसरं हललं, आणि माझा अख्खा हात त्यांच्या मुठीत गेला.

सौदा त्यांनी दोन वर्षं पाळला, मग मोडला. पेठेत कधी शब्द न फिरवलेल्या माणसाने तो माझ्यापाशी फिरवला. सवत मात्र अजून बोलते आहे, कालच्याच अंकात होतं. कात्रण काढून मी गठ्ठ्यात ठेवलं.

दुपारी रुमाल वाळला. घडी घालण्याआधी मी तो मांडीवर पसरला, खाली हात सरकवला आणि बसून राहिले.